पट्टीचे पैसे त्याच दिवशी खात्यावर कसे पाडायचे

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर मी दिवाणजी आहे. पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाचा कागद, हातात पडली की शेतकरी विचारतो, "खात्यावर कधी पडणार?" पूर्वी शनिवारी संध्याकाळी हा प्रश्न आला की "सोमवारी" म्हणावं लागायचं, आणि ते सांगताना जिवावर यायचं. 16 डिसेंबर 2019 पासून एनईएफटी, म्हणजे एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठवायची सोय, चोवीस तास सुरू झाली, वर्षभरानं मोठ्या रकमांची आरटीजीएसही. आता रविवारीही पैसे जातात.

आधी रक्कम बघा. दोन लाख किंवा जास्त असेल तर आरटीजीएस. तिथं प्रत्येक व्यवहार रिझर्व्ह बँकेकडं सुटासुटा, लगेच मिटतो. त्याहून कमी असेल तर एनईएफटी. ती एसटीसारखी आहे: दर अर्ध्या तासाला एक गाडी, दिवसात 48. तुमची रक्कम पुढच्या गाडीची वाट बघते, एवढाच उशीर. दवाखान्याची वगैरे घाई असेल तर पाच लाखांपर्यंत आयएमपीएस. त्यात समोरची बँक खात्यावर लगेच जमा दाखवते, बँकांचा आपसातला हिशेब मागाहून होतो. मात्र तुमच्या बँकेची मर्यादा कमी असू शकते, ती विचारून ठेवा. शाखेत फॉर्म भरून दिलात तर काउंटरवरचा वेळ वाढतो, म्हणून मी नेटबँकिंगच वापरतो.

खाते नंबर पासबुकावरूनच घ्या, तोंडी नको. माझ्याकडून एकदा एक आकडा चुकला आणि एका शेतकऱ्याचे पैसे भलत्याच्याच खात्यावर गेले. ते परत यायला तीन आठवडे लागले. त्याची खताची उधारी तोवर तशीच राहिली. जमा होताना फक्त खाते नंबर बघतात, नाव नाही, हे मला तेव्हा कळलं. 2025 पासून एनईएफटी-आरटीजीएसमध्येही पाठवण्याआधी खातेदाराचं नाव बघायची सोय झाली आहे. ते नाव शेतकऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवा, मगच पाठवा. आयएफएससीचं, म्हणजे बँकेच्या शाखेच्या कोडचं, पाचवं अक्षर शून्य असतं, इंग्रजी 'ओ' नव्हे.

नवीन खातं नेटबँकिंगला सौदा व्हायच्या आदल्या दिवशीच जोडून ठेवा. बऱ्याच बँका पहिले काही तास मोठी रक्कम सोडत नाहीत, आणि शेतकरी टेम्पो घेऊन ताटकळतो.

पैसे गेले की यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख नंबर, पट्टीवर लिहून द्या. एनईएफटी ज्या गाडीनं गेली ती सुटल्यापासून दोन तासांत रक्कम जमा तरी व्हावी, नाहीतर परत तरी यावी. त्याहून उशीर झाला तर रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं कर्ज देते तो) अधिक दोन टक्के व्याज बँकेकडून मिळायला हवं. हे मी प्रत्येक शेतकऱ्याला पट्टी देतानाच सांगतो.