घरच्या द्राक्षांची नैसर्गिक वाइन: विरजणापासून बाटलीपर्यंत

इंदूरला राहून रतलामकडची वडिलोपार्जित द्राक्षबाग सांभाळणाऱ्या आमच्यासारख्या कुटुंबांनी या कामाला हात घालण्यापूर्वी आबकारी विभागाचा परवाना घ्यावा, कारण मध्यप्रदेश आबकारी अधिनियम, १९१५ नुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे, मग द्राक्षे घरची का असेनात.

नैसर्गिक वाइनमध्ये सेंद्रिय द्राक्षांखेरीज विकतचे यीस्ट, साखर, आम्ल यांपैकी काहीही घालत नाहीत. फ्रान्समध्ये २०२० साली मान्य झालेल्या नैसर्गिक वाइनच्या सनदेनुसार सल्फाइट या टिकवणाऱ्या द्रव्याचे प्रमाणही लिटरमागे ३० मिलिग्रॅमच्या आत ठेवावे लागते. त्यामुळे सारी भिस्त बागेवरच राहते. भुरी या बुरशीच्या रोगासाठी मारायची गंधकाची फवारणी तोडणीच्या पाच आठवडे आधी थांबवावी, अन्यथा मण्यांवर उरलेल्या गंधकामुळे वाइनला सडक्या अंड्यांचा वास येतो.

मुख्य तोडणीच्या पाच-सहा दिवस आधी विरजण, म्हणजे सालीवरच्या यीस्टने आंबवलेला थोडा रस, तयार करावे, आणि या कामात कधीही घाई करू नये. एकूण ३०० किलो द्राक्षे असतील, तर बागेच्या तीन वेगवेगळ्या भागांतून प्रत्येकी तीन-चार किलो निरोगी घड तोडून, न धुता, तीन स्वच्छ भांड्यांत वेगवेगळे कुस्करावेत, वर सुती फडके बांधावे आणि सकाळ-संध्याकाळ ढवळावे. सालीवरचे यीस्ट तीन-चार दिवसांत जागे होते. रस बारीक सळसळतो, कान लावल्यास ती सळसळ ऐकूही येते. ज्या भांड्याला ताज्या पावासारखा किंवा पिकल्या फळासारखा वास येईल तेच विरजण ठेवावे, आणि ज्याला शिरक्याचा किंवा नखपॉलिशचा वास येईल ते कितीही जीव तुटला तरी ओतून द्यावे.

तोडणी पहाटे सुरू करून ऊन चढण्यापूर्वी संपवावी. शिराझ या लाल वाइनच्या द्राक्षासाठी ब्रिक्स (रसातील साखरेचे माप) २२ ते २४ आणि सामू (आम्लतेचे माप, पीएच) ३.६ च्या खाली असावा. माळव्यात मार्चचे ऊन तापू लागले की साखर झपाट्याने वाढते आणि आम्ल तितक्याच वेगाने उतरते, म्हणून या दिवसांत रोज मोजमाप घ्यावे. बी चावून पाहावी, ती तपकिरी व कुरकुरीत लागली पाहिजे. सडलेला एकेक मणी कात्रीने काढावा. देठ काढून कुस्करलेली द्राक्षे स्टीलच्या टाकीत तीन-चतुर्थांशच भरावीत आणि त्यात विरजण मिसळावे.

साली वर येऊन जाड थर बनतो. तो दिवसातून तीन वेळा खाली दाबावा. तापमान ३० अंशांच्या वर जाऊ देऊ नये. माळव्याच्या गार रात्रींची ख्याती येथे खरोखर उपयोगी पडते: रात्री खिडक्या उघडाव्यात, दिवसा टाकीभोवती ओले गोणपाट गुंडाळावे. खिडक्या उघडण्याचे आणखी एक कारण म्हणजे किण्वनातून, म्हणजे रस आंबण्यातून, निघणारा कार्बन डायऑक्साइड बंद खोलीत जमिनीलगत साचून जीवघेणा ठरतो.

रसाची घनता दाखवणाऱ्या हायड्रोमीटरचे माप ०.९९५ च्या आसपास स्थिरावले, की रस काढून चोथा दाबून घ्यावा. १०० किलोमागे साधारण ६० ते ६५ लिटर वाइन मिळते. पुढचे भांडे मात्र काठोकाठ भरलेच पाहिजे. पहिल्या वर्षी मी एका पिंपात चार बोटे जागा मोकळी सोडली आणि हवा लागून जूनपर्यंत ती सगळी वाइन शिरका झाली. वडिलांनी वाढवलेल्या वेलींचे ते फळ होते, याचे दुःख आजही जात नाही. तेव्हापासून भर घालण्यासाठी त्याच वाइनच्या लहान बाटल्या मी वेगळ्या राखतो.

इंदूरचा मे महिना चाळिशी ओलांडतो, म्हणून साठवण १५ ते १८ अंशांच्या खोलीतच करावी. गाळ खाली बसल्यावर नळीने वाइन दुसऱ्या भांड्यात अलगद उतरवावी. बाटलीबंद करण्यापूर्वी उरलेली साखर लिटरमागे दोन ग्रॅमच्या आत असल्याची तपासणी प्रयोगशाळेत करून घ्यावी, कारण साखर राहिल्यास किण्वन बाटलीतच पुन्हा सुरू होते आणि बाटली फुटते.