कोबाल्ट गोबी पाळताय? निदान या चुका टाळा

पोट खपाटीला गेलेल्या कोबाल्ट गोबी माशाचा फोटो येतो आणि खाली प्रश्न: ‘औषध कोणतं देऊ?’ औषध राहू द्या. टाकी भरून किती दिवस झाले ते आधी सांगा.

कोबाल्ट गोबी, शास्त्रीय नाव स्टिफोडॉन सेमोनी, हा जेमतेम चार-पाच सेंटिमीटरचा मासा इंडोनेशिया, पापुआ न्यू गिनी, सॉलोमन बेटांवरच्या खळाळत्या ओढ्यांतला. दिवसभर दगडांवरचं शेवाळ आणि बुळबुळीत थर खरवडून खाणं, हेच त्याचं जेवण. गेल्या आठवड्यात भरलेल्या लख्ख टाकीत त्याने काय काच खायची? पण शेवाळ साफ करणारा मासा म्हटलं की लोक कामाला गडी ठेवल्यासारखा घेऊन येतात.

ओळखीतला एक गृहस्थ दर रविवारी टाकीतले सगळे गोटे ब्रशने घासायचा. वरून ब्लडवर्म (लाल अळ्या) टाकायचा, ते तळाला पोचण्याआधीच टाकीतले टेट्रा मासे फस्त करायचे. गोबी काचेला चिकटून तोंड चालवायचे आणि हा खूश: ‘बघ, कसे काम करतायत!’ काचेला चिकटल्यामुळेच त्यांची पोटं समोरून स्वच्छ दिसत होती. आत ओढलेली. मी घरून हिरवे गोटे नेऊन टाकले. नर लगेच एका गोट्यावर बसला, हिरव्यावर फिकट टिकल्या उमटवत सुटला. मादी मात्र गेली. तिला उशीर झाला होता.

माझ्याकडे उन्हात एक बादली कायम असते: टाकीतलं काढलेलं पाणी आणि गोटे. हिरवे झाले की आतल्यांशी अदलाबदल. स्पिरुलिनाची (शेवाळासारख्या खाद्याची) गोळी जोडीला चालेल, बदली म्हणून नाही. आणि चार-सहा महिने टाकी मुरेपर्यंत, म्हणजे आत शेवाळाचा थर धरेपर्यंत, थांबवत नसेल, तर गप्पी पाळा.

झाकणाला फट नको. पोटाखालच्या चकतीने हा ओली काच चढतो.

पाणी गरम आणि साचलेलं नको. पाणी तापलं की त्यातला प्राणवायू घटतो. २२ ते २६ अंश आणि जोरदार प्रवाह ठेवा.

दोन काळ्या पट्ट्यांची फिकट मासळी ‘वेगळी जात’ म्हणून परत करू नका, ती मादी आहे.

अंडी दिसली तरी हुरळू नका. पिल्लं वाहत समुद्रात जातात, तिथे वाढून नदीत परततात. निव्वळ गोड्या पाण्यात ती काही दिवसांतच मरतात. म्हणजे दुकानातला मासा बहुधा नदीतून पकडलेला, प्रवासात उपाशी राहिलेला. पैसे देण्याआधी तो काचेला चिकटेपर्यंत थांबा आणि पोट बघा.