घरातला कुत्रा गेल्यावर दुसरा आणताना या चुका टाळा

मोती गेला तेव्हा १४ वर्षांचा होता. शेवटचे तीन महिने मूत्रपिंडांनी दगा दिला होता, पाणीसुद्धा पोटात ठरत नव्हतं. तो गेल्यावर आठव्या दिवशी माझा भाचा खोक्यात दीड महिन्याचं पिल्लू घेऊन आला. "मावशी, हे खेळव, तुझं मन रमेल." त्याच्या हातून ते घेताना मला रडू आलं आणि सगळ्यांना वाटलं, आनंदाने रडतेय. पिल्लू मोतीच्या भांड्यात तोंड घालायला गेलं की मी भांडं ओढून घेई. पंधरा दिवसांनी भाच्यानेच त्याला आपल्या घरी नेलं. तिथे ते छान वाढलं, पण त्या पंधरा दिवसांत त्याच्या वाट्याला आलेला माझा तुटकपणा मी विसरले नाही.

त्यानंतर वर्षभराने आमच्या इंदूरच्या, रामबागेतल्या घरात रस्त्यावरून उचलून आणलेले कुत्रे तात्पुरते राहायला लागले. आतापर्यंत ११ आले. दहा चांगल्या घरी गेले, एक आमच्याकडेच राहिली. खाली लिहिलेल्या बऱ्याच चुका माझ्याच हातून झालेल्या आहेत.

गेलेल्याची जागा भरायला आणणं

किती दिवस थांबायचं याचा नियम नाही. कुणाला महिन्याने जमतं, कुणाला तीन वर्षं लागतात. मी एक साधी खूण धरते: जुन्याचा पट्टा, भांडं, अंथरूण धुऊन कपाटात ठेवता येतंय का? ते जमत नसेल तर नवं जनावर सध्या नको. तेच नाव ठेवू नका. त्याच रंगाचं, त्याच जातीचं शोधत फिरू नका. "आमचा मोती असं कधी करत नसे" हे वाक्य दिवसातून दोनदा तोंडी येत असेल तर नव्या कुत्र्याला ते शब्द कळत नाहीत, पण आवाजातली नाराजी कळते.

घरातल्या प्रत्येकाला विचारा. मुलं लगेच हो म्हणतात. सासऱ्यांसारखी माणसं गप्प बसतात, आणि रोज संध्याकाळी मोतीला फिरवून आणणारे तेच असतात. घरात दुसरा कुत्रा असेल तर तोही सोबती गेल्यावर दाराशी बसून राहतो, कमी खातो. त्याच्यासाठी म्हणून घाईने तिसरा आणू नका. त्याच्या फिरण्याच्या, जेवणाच्या वेळा पाळा, आणि त्याने दोन दिवस अन्नच सोडलं तर डॉक्टरांना दाखवा.

दुःखात असलेल्या माणसाने आधी फॉस्टर करावं, म्हणजे ठरावीक दिवस सांभाळ करावा, असं माझं मत आहे. कुत्र्याला निवारा मिळतो आणि तुम्हाला जन्मभराचं वचन द्यावं लागत नाही. फक्त तीन गोष्टी आधीच लिहून घ्या: किती आठवडे, औषधपाण्याचा खर्च कोणाचा, आणि नाही जमलं तर परत कोण नेणार. हे तोंडी ठरवल्यामुळे एकदा प्लास्टर घातलेल्या कुत्र्याचा सहा आठवड्यांचा सगळा खर्च आमच्यावर आला. पैशांपेक्षा, फोन न उचलणाऱ्या माणसांचा त्रास जास्त झाला.

पहिल्याच दिवशी लाड

सर्वांत जास्त घरं इथे चुकतात. कुत्रा आला की लगेच अंघोळ, शेजारपाजाऱ्यांना दाखवणं, फोटो, मुलांची मिठी. त्याच्या दृष्टीने तो अनोळखी माणसांच्या ताब्यात सापडलेला असतो. सांभाळणाऱ्यांत एक ढोबळ हिशेब चालतो: ३ दिवस भीती जायला, ३ आठवडे घराची रीत कळायला, ३ महिने हे आपलं घर आहे असं वाटायला. आमच्याकडे राहिलेली तांबू पहिले तीन दिवस वॉशिंग मशीनमागून निघाली नाही. मी तिथेच वाटी सरकवायची आणि भाजी निवडत जरा दूर बसायची, तिच्याकडे न बघता. चौथ्या रात्री तिने माझ्या पायाला नाक लावलं.

दार हा दुसरा धोका. पाचव्या दिवशी दूधवाल्याने फाटक उघडलं आणि तांबू निसटली. घाबरलेला कुत्रा मागे वळून आपला पट्टा डोक्यावरून सहज काढतो. म्हणून पहिले काही आठवडे गळपट्टा आणि छातीचा हार्नेस दोन्ही घाला, दोरी दोन्हींना अडकवा, आणि फाटक उघडण्याआधी आतलं दार बंद करा. तरीही पळाला तर मागे धावू नका, हाका मारू नका, त्याने तो आणखी लांब जातो. जिथून निसटला तिथे खाणं आणि तुमचं वापरलेलं, न धुतलेलं कापड ठेवा. तांबू दुसऱ्या दिवशी पहाटे माझ्या जुन्या साडीवर येऊन झोपली होती.

दिवाळीच्या किंवा रंगपंचमीच्या आठवड्यात नवा कुत्रा घरी आणूच नका. राजवाड्याकडे गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक, निघते त्या दिवशी ढोल आणि रंगांनी आमच्या जुन्या, रुळलेल्या कुत्र्यांचाही थरकाप होतो.

ताटातलं देणं

इंदूरच्या घरात सकाळी पोहे असणारच, आणि समोर बसलेल्या कुत्र्याला एक घास जाणारच. पोह्यांतला कांदा कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. लसूणही तसाच. द्राक्षं आणि बेदाणे मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात, म्हणून प्रसादाचा शिराही नको. चॉकलेट नको. दुधाने पुष्कळ मोठ्या कुत्र्यांना जुलाब होतात. सुरुवातीला मऊ भात आणि बिनमसाल्याचं उकडलेलं चिकन किंवा अंडं पुरतं. ताप आला, लंगडला, म्हणून घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनची गोळी देऊ नका. तिने जीव जाऊ शकतो.

आजारांबद्दलची गडबड

आधीचा कुत्रा पार्व्होने, म्हणजे उलट्या-जुलाबांच्या विषाणूजन्य रोगाने, गेला असेल तर हे नीट वाचा. तो विषाणू फरशीवर, अंगणातल्या मातीत कित्येक महिने, कधी वर्षभरही टिकतो. फिनाइलने तो मरत नाही. धुतलेल्या फरशीवर १ भाग द्रव ब्लीच आणि ३० भाग पाणी घालून दहा मिनिटं राहू द्यावं लागतं, आणि मातीचं तर तेवढ्यानेही भागत नाही. अशा घरात लस पूर्ण न झालेलं पिल्लू आणणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ. पिल्लांच्या लसी साधारण चार महिन्यांचं होईपर्यंत टप्प्याटप्प्याने चालतात. लसी झालेला मोठा कुत्रा घ्या. मोठे कुत्रे माया लावत नाहीत हा समज खोटा आहे.

घरात दुसरा कुत्रा असेल तर नव्याला १४ दिवस वेगळ्या खोलीत ठेवा, भांडीही वेगळी. जंताचं औषध, रेबीजची लस आणि गोचिडांची तपासणी पहिल्या आठवड्यात करा. गोचिडांमुळे येणाऱ्या तापात हिरड्या पांढुरक्या पडतात, नाकातून रक्तही येतं, तेव्हा रक्ततपासणी टाळू नका. मादीच्या लघवीच्या जागेतून सतत रक्त ठिबकत असेल तर ती माजावर आहे असं समजून सोडून देऊ नका. रस्त्यावरच्या कुत्र्यांत संसर्गाने पसरणारी एक गाठ असते, ती आठवड्याला एक अशा व्हिन्क्रिस्टिनच्या काही इंजेक्शनांनी बहुधा पूर्ण बरी होते. अवघड दुखणं वाटलं तर २५ किलोमीटरवर महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

नव्या कुत्र्याचा दात किंवा नख लागलं तर हळद-मिरची चोळू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करा. छोटंसं पिल्लू होतं म्हणून चालढकल नको.

देताना घाई

"कसं गं देववतं तुला?" असं मला माझी जाऊ विचारते. पोटात कालवतंच. म्हणूनच घर न बघता देऊ नका. गच्चीवर साखळीला बांधणार आहेत का, मे महिन्याच्या उन्हात सावली कुठे आहे, गावी जाताना कुत्रा कोणाकडे राहील, नसबंदी करायला तयार आहेत का, हे चहा पिताना विचारून घ्या. उत्तर पटलं नाही तर नाही म्हणा, समोरचे नात्यातले असले तरी.

देताना तो झोपायचा ते कापड न धुता बरोबर द्या, चार दिवसांचं त्याच्या सवयीचं खाणं द्या, आणि त्याला काय आवडतं, कशाची भीती वाटते ते कागदावर लिहून द्या. पहिल्या रात्री फोन करू नका. त्या रात्री तो रडत असणार, आणि ते ऐकून तुम्ही त्याला परत आणायला निघाल. तिसऱ्या दिवशी करा.