अंधशाळेतल्या सराव पाठाला निघण्याआधी

दृष्टिदोष विषय घेऊन विशेष शिक्षणाचं बी.एड. करताय आणि अंधशाळेत विज्ञानाचा पाठ लागलाय, तर टाचण आणि ओळखपत्र तुम्ही घ्यालच. फुलं मोजा. आठ मुलं असतील तर जास्वंदीची दहा फुलं. मी एकच नेलं होतं. डोळस वर्गात फूल उंच धरलं की सगळ्यांना एकदम दिसतं, बोटांना मात्र ते एकेकालाच कळतं. तिसऱ्या मुलाकडे पोचेपर्यंत पाकळ्या चुरगळल्या, पुंकेसर झडले. शेवटच्या मुलीच्या हातात देठ आलं. "बाई, फूल कुठंय?" तिनं विचारलं, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून मुलामागे एक, वर दोन जास्त.

फुलं एकेरी, पाच पाकळ्यांचीच घ्या. दुहेरी जास्वंदीत पुंकेसरांची नळी बोटाला नीट सापडत नाही. फुलवाल्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा. मंगळवार किंवा चतुर्थी असेल तर त्याच्याही आधी, नाहीतर सगळी गणपतीला जातात. जास्वंद एका दिवसाची, तेव्हा त्याच सकाळी आणा. ओलं फडकं, डबा. मोजली? पुन्हा मोजा.

उठावाची आकृतीही माणशी एक. उठावाची रेघ काढणारं दातेरी चाक कागदाच्या मागून फिरतं, म्हणून आकृती उलटी काढायची. ब्रेल पाटीवर उजवीकडून डावीकडे टोचायला हात सरावलेला असतो. आकृतीतल्या नावांच्या ब्रेल चिठ्ठ्या टोचताना घोळ होतो जोडाक्षरात. हलंताचा, म्हणजे पाय मोडल्याचा, ठिपका अक्षराच्या आधी येतो, आणि 'स्त्रीकेसर'मध्ये तो दोनदा लागतो. चिठ्ठ्या बोटांनी ब्रेल वाचणाऱ्या कुणाकडून तरी तपासून घ्या. आपण डोळ्यांनी वाचतो, पुसट ठिपका आपल्याला कळतच नाही.

अल्पदृष्टी मुलांना विसरू नका. त्यांना पिवळ्या कागदावर जाड काळ्या मार्करनं काढलेली मोठी आकृती द्या आणि खिडकीकडे पाठ करून बसवा.

वर्गात शिरताना आपलं नाव सांगा. "इकडे", "असं" हे शब्द वापरायचे नाहीत. "देठापासून वर या" असं म्हणायचं. मुलाचा हात धरून फुलावर दाबू नका, कृपा करून. आपला हात खाली ठेवा, त्याचा वरून सरकू द्या, घाई त्याला नसते.

नंतर आवराआवर, निरीक्षकांची सही, नोंदवही. पण घराच्या दाराला कुलूप लावण्याआधी डबा उघडा आणि मोजा. दहा.