बालवाडी आणि पहिलीचे पहिले पंधरा दिवस: या चुका टाळा

मृग लागला की साताऱ्यात राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत दप्तरं, रेनकोट आणि वह्यांच्या खरेदीला गर्दी होते. १५ जूनच्या आसपास शाळा उघडतात आणि पहिल्याच सकाळी छोट्या गटाच्या दारात रडारड सुरू होते. दप्तर कुठलं घ्यायचं यावर घरात चार दिवस चर्चा झालेली असते, पण पोराला शाळेत सोडून निघायचं कसं हे कुणी ठरवलेलं नसतं. प्राथमिक शाळेत आणि तिला जोडून असलेल्या बालवाडीत शिकवताना दर जूनमध्ये मला त्याच त्या अडचणी दिसतात. त्यातल्या बहुतेक आपण मोठ्यांनीच ओढवून घेतलेल्या असतात.

पहिल्या पंधरा दिवसांत मुलाला एकच गोष्ट पटायला हवी: मला इथं सोडून गेलेलं माणूस सांगितलेल्या वेळेला परत येतं. ही खात्री पटली की अक्षरं, आकडे, गाणी सगळं जमतं. ती पटली नाही, तर जुलै उजाडला तरी मूल दाराकडेच बघत बसतं.

गुपचूप सटकणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि ती अगदी मायेपोटी होते. "बाई, खेळण्यात रमलाय तो, तेवढ्यात निघते मी," असं हळूच सांगून आई जाते. पाच मिनिटांनी मूल हातातला ठोकळा दाखवायला वळतं, तर आई नाही. त्यानंतरचं रडणं नुसतं शाळेत बसायचं नाही म्हणून नसतं, त्यात भीती असते. दुसऱ्या दिवशी हेच मूल ठोकळ्यांना हातही लावत नाही. आईच्या ओढणीचं टोक मुठीत धरून, तिच्या गुडघ्याला चिकटून उभं राहतं. आपण खेळायला लागलो की आई नाहीशी होते, एवढं त्याला कळलेलं असतं.

तेव्हा निरोप घ्या, आणि तो थोडक्यात घ्या. खाली बसून, डोळ्यात बघून सांगा, "मी आता घरी जाते. तुमचा डबा खाऊन होईल, मग गाणं होईल, मग मी या पायरीवर उभी असेन." साडेअकरा, बारा हे तीन वर्षांच्या मुलाला कळत नाही. डबा, मग गाणं, मग आई हा क्रम कळतो. सांगून झालं की बाईंच्या हातात हात द्या आणि निघा. त्यानं भोकाड पसरलं तरी निघा. तीनदा मागं वळून पापा घेत बसलात, तर रडणं तीनदा नव्यानं सुरू होतं. खिडकीतून डोकावणं, कंपाउंडच्या भिंतीआड थांबणं हे तर कटाक्षानं टाळा. मुलं छत्रीचा रंगही ओळखतात. बहुतेक मुलं आई दिसेनाशी झाल्यावर थोड्याच वेळात शांत होतात. काळजी वाटत असेल तर तासाभरानं शाळेत फोन करा, आम्ही खरं काय ते सांगतो.

एक उपाय बऱ्याच घरांत लागू पडतो. आईला सोडताना मूल फार रडत असेल, तर पहिले आठ दिवस आजोबांना किंवा पप्पांना सोडायला पाठवा. आणायला मात्र आईनं यावं.

"चल, गाडीवरनं चक्कर मारून येऊ," असं सांगून शाळेच्या दारात आणून उभं करणं हाही याच चुकीचा भाग आहे. शाळेला जायचं आहे हे आदल्या रात्रीच सांगा. सकाळी घरात रडलं तर घरात समजूत काढता येते.

आणायला उशीर

जूनमध्ये आमच्या भागात पेरणीची घाई असते. वाफसा आला, म्हणजे जमीन पेरणीजोगी झाली, की माणसं रानात, आणि वाफसा शाळेच्या सुट्टीसाठी थांबत नाही. कोडोलीच्या एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या आयांचीही अडचण मी समजू शकते. पण "अर्ध्या तासानं काय होतंय?" असं कुणी म्हणालं, तर त्या अर्ध्या तासात काय होतं ते सांगायला हवं. एकेक मूल जातं. याचं दप्तर पाठीवर, वॉटर बॅग गळ्यात, चपला घालून झालेल्या. दर पावलाच्या आवाजाला ते मान वर करतं आणि दुसऱ्याची आई बघून परत खाली घालतं. दुसऱ्या दिवशी हेच मूल सकाळपासून विचारायला लागतं, "माझी आई आली का?" खेळणं, जेवण, गाणं, सगळं त्या प्रश्नात जातं.

पहिले आठ दिवस दहा मिनिटं लवकर या. तुम्हाला जमणार नसेल, तर कोण येणार हे पेरणीच्या आधीच ठरवा. त्या माणसाचं नाव, फोन नंबर आणि फोटो शाळेत देऊन ठेवा. नाव दिलेलं नसेल तर सख्खा मामा आला तरी आम्ही मूल हातात देणार नाही, आणि त्याचा राग मानू नका. रिक्षा किंवा व्हॅन असेल तर पहिल्या दिवसापासून मुलाला एकट्याला पाठवू नका. आधी दोन-तीन दिवस तुम्ही सोबत बसून या, काकांची आणि त्याची ओळख होऊ द्या. व्हॅनमध्ये पोरं कोंबलेली दिसली तर त्याच दिवशी मुख्याध्यापकांना सांगा. मुलांच्या सुरक्षिततेची कुठलीही शंका असेल तर १०९८ ही हेल्पलाइन चोवीस तास चालू असते, तो नंबर फोनमध्ये साठवून ठेवा.

बाईंचा धाक

"जेव नीट, नाहीतर बाईंना सांगीन." "शाळेत जा, मग कळंल." मेच्या सुट्टीत हे महिनाभर ऐकलेलं मूल पहिल्या दिवशी माझ्याकडे बघतच नाही. त्याला शू लागली तरी ते मला सांगायला येत नाही, आणि सांगितलं नाही की चड्डी ओली होते. मग ते आणखी घाबरतं.

काही आजोबा दारात येऊन म्हणतात, "बाई, ऐकला नाही तर दोन रट्टे द्या, आमची काय तक्रार नाही." त्यांचा आमच्यावरचा विश्वास त्यातून बोलत असतो, पण ते पोरासमोर बोललेलं असतं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शाळेत मुलाला मारायला आणि मानसिक त्रास द्यायलाही बंदी आहे. कायदा बाजूला ठेवला, तरी ज्या बाईला भ्यायचं तिच्याकडून शिकायचं कसं? घरात आमचं नाव धाकासाठी काढू नका, एवढंच मागणं आहे.

कपडे, डबा, पाणी

नवा गणवेश अंगावर दोन वर्षं चालावा म्हणून मोठा घेतला जातो, ते ठीक. पण त्या पँटला घट्ट हूक, वर बेल्ट, आत नाडी. मोठ्या सुट्टीत पोरगं संडासच्या दारात हूकशी झटापट करत असतं, तोंड रडवेलं झालेलं, आणि आम्ही पोचेपर्यंत व्हायचं ते होऊन जातं. बालवाडीच्या आणि पहिलीच्या मुलाला इलॅस्टिकची पँट घाला. गणवेश शिवून आला की घरी चार वेळा स्वतः काढायला-घालायला लावा. "शू लागली", "पोट दुखतंय", "पाणी हवंय" ही वाक्यं अनोळखी माणसाला मोठ्यानं सांगायची सवय करा. घरात आई चेहरा बघूनच ओळखते, त्यामुळे बऱ्याच मुलांवर हे बोलायची वेळच आलेली नसते.

डब्याचंही तसंच. चारी बाजूंनी लॉक होणारा डबा आमटी सांडू नये म्हणून उत्तम, पण चार वर्षांच्या बोटांना तो उघडत नाही. वर्गात तीस डबे एका वेळी उघडून देता येत नाहीत. साधं झाकण आणि पोळीची गुंडाळी पुरते. मोबाईल समोर धरून भरवायची सवय असेल, तर ती मेमध्येच मोडा. शाळेत मोबाईल नसतो, भरवायला आई नसते, आणि मूल तुपाच्या पोळीकडे नुसतं बघत बसतं. पहिलीच्या मुलांना शालेय पोषण आहार मिळतो; खिचडी स्वतःच्या हातानं कालवून खाता येणं ही त्यासाठीची खरी तयारी. डबा पहिले दहा-बारा दिवस अर्धा परत आला तर रागावू नका.

साताऱ्याचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. परळी, जावळी, पाटणकडच्या मुलांचे बूट-मोजे जूनभर वाळत नाहीत. दिवसभर ओल्या मोज्यात पाय राहिले की बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात. पावसाळा संपेपर्यंत मागं पट्टा असलेली सँडल घालू द्या. बूट हवेतच असा शाळेचा आग्रह असेल, तर पालकसभेत बोला. दप्तरात प्लॅस्टिकच्या पिशवीत एक कोरडा जोड ठेवा. आणि प्रत्येक वस्तूवर आतून नाव लिहा: रेनकोट, डबा, झाकण, वॉटर बॅग, स्वेटर. एकाच दुकानातून घेतलेले पिवळे रेनकोट खुंटीला टांगलेले असतात, आणि ओल्या हातांनी ते शोधण्यात शाळा सुटायची वेळ जाते.

दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावं. बालवाडीला तर दप्तर लागतच नाही, डब्याची पिशवी खूप झाली.

प्रवेशोत्सवाची गडबड

हे आम्हा शिक्षकांसाठी. नव्या मुलांचं स्वागत व्हावं, औक्षण व्हावं, हातात फूल द्यावं, कागदावर पावलाचा रंगीत ठसा घ्यावा, हे मनापासून आवडतं मला. ठसा घेताना मुलं हसतात. पण ढोल-ताशा आणि ट्रॅक्टरवरची मिरवणूक तीन-चार वर्षांच्या मुलांना नको. पाहुण्यांची वाट बघत मुलांना तासभर उन्हात किंवा पत्र्याखाली बसवणं नको. छोट्या गटाची सगळी मुलं एकाच दिवशी बोलावण्यापेक्षा आठ-दहांच्या तुकड्या करून तीन-चार दिवसांत घ्यावीत, आणि पहिल्या आठवड्यात दीड-दोन तासच शाळा ठेवावी. रडणाऱ्या एका मुलाला जवळ घेऊन बसता येतं. वीस मुलं एकदम रडायला लागली की कुणालाच जवळ घेता येत नाही.

नाव, जन्मतारीख आणि कागद

७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकरांना साताऱ्यात राजवाड्यातल्या शाळेत घातलं. आजचं प्रतापसिंह हायस्कूल ते हेच. रजिस्टरात भिवा रामजी आंबेडकर हे नाव १९१४ क्रमांकावर आहे, आणि हा दिवस आता राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. सव्वाशे वर्षांपूर्वीची ती नोंद आजही वाचता येते. तुमच्या मुलाची जनरल रजिस्टरातली, म्हणजे शाळेच्या प्रवेशाच्या नोंदवहीतली, नोंदही अशीच टिकणार आहे, तेव्हा फॉर्म घाईत दारात उभं राहून भरू नका. जन्मदाखला समोर ठेवा आणि नाव, वडिलांचं नाव, आडनाव त्याच्याशी अक्षरन् अक्षर जुळवा. घरचं लाडाचं नाव, आजोळचं गाव, चुकलेली वेलांटी असं काहीही एकदा चढलं की पुढं दाखल्यावर तेच येतं, आणि शाळा सोडल्यावर दुरुस्ती फार अवघड होते. १ मे २०२४ आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नावही येणार आहे, हे लहान भावंडांसाठी लक्षात ठेवा.

पहिलीला येणाऱ्या मुलांचा आणखी एक नेहमीचा घोटाळा आधारचा. पाच वर्षांच्या आत काढलेल्या बाल आधारावर बोटांचे ठसे नसतात. पाच पूर्ण झाल्यावर ठसे, डोळे आणि फोटो देऊन ते अद्ययावत करून घ्यावं लागतं. हे राहिलं की शाळेच्या ऑनलाइन नोंदीत अडथळे येतात. मात्र वयाचा पुरावा नाही म्हणून कुठलीही शाळा मुलाला प्रवेश नाकारू शकत नाही, कायद्यातच तसं आहे. वीटभट्टीवर, ऊसतोडीला फिरणाऱ्या घरांतल्या मुलांसाठी हे मुद्दाम सांगते. तुमच्या ओळखीत असं मूल घरी बसलं असेल तर त्याला घेऊन या, कागद नंतर होतील.

वयाची घाई करू नका. ३१ डिसेंबरला तीन पूर्ण होत असतील तर नर्सरी, सहा पूर्ण होत असतील तर पहिली. शेजारचा पुढं गेला म्हणून आपलाही ढकलला, तर पेन्सिल धरून बोटं दुखणारं मूल वर्षभर मागं पडल्यासारखं वाटून घेतं. बालवाडीत माती, मणी, कागद फाडणं, चिकटवणं चालू असतं ते बोटांच्या तयारीसाठीच. "अजून एबीसीडी लिहीत नाही" ही तक्रार छोट्या गटात आणू नका.

एवढं करूनही बिनसलं तर

पहिले चार दिवस हसत गेलेलं मूल दुसऱ्या सोमवारी दारात लोळण घेतं. पालक घाबरतात, शाळेत काही झालं का म्हणून विचारतात. विचारावंच. पण बहुतेक वेळा नवलाई संपलेली असते आणि हे रोजचंच आहे हे त्याला कळलेलं असतं. अशा वेळी सुट्टी देऊ नका. दोन दिवस घरी राहिलं की सगळं पहिल्यापासून. अतिवृष्टीनं शाळा बंद राहिली, तर उघडल्यावर एक-दोन दिवस रडणं धरूनच चाला.

रोज सकाळी पोट दुखतं आणि रविवारी दुखत नाही, असं असेल तर शाळेतल्या संडासाबद्दल विचारा. अंधार, घाण, कडी न लागणं, यातलं काहीतरी निघतं. ताप असेल किंवा हातापायांवर, तोंडात फोड असतील तर मात्र घरीच ठेवा. पावसाळ्यात ते वर्गभर पसरतं. रात्री अंथरूण ओलं करायला लागलं, तर ओरडू नका आणि बाईंच्या कानावर घाला.

दीड महिना होऊनही मूल कुणाशी बोलत नाही, हाक मारली तर वळत नाही, दोन शब्दांपुढं वाक्य जात नाही, असं दिसलं तर "लाजतंय" म्हणून सोडून देऊ नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणीला येतं. त्या दिवशी मूल हजर ठेवा आणि तुमची शंका डॉक्टरांना स्वतः सांगा. तेवढं थांबायचं नसेल तर थेट सरकारी दवाखान्यात जाऊन कान तपासून घ्या. वर्गात लक्ष न देणाऱ्या काही मुलांना मुळात नीट ऐकूच येत नसतं, आणि हे जितकं लवकर कळेल तितकं बोलणं लवकर सुधारतं.