पहिला पॅडलबोर्ड घेताना रुंदी कशी ठरवावी

हवा भरायच्या कुठल्याही स्टँड-अप पॅडलबोर्डवर (ज्यावर उभं राहून पॅडलने, म्हणजे वल्ह्याने, पुढे जातात) तीन मापं छापलेली असतात: लांबी, रुंदी आणि जाडी. सगळीकडे दिसणारं माप म्हणजे साडेदहा फूट लांब, ३२ इंच रुंद आणि ६ इंच जाड. बोर्ड किती सरळ आणि किती वेगाने जाणार हे बरंचसं लांबीवर ठरतं. तुमच्या वजनाखाली तो किती ताठ राहणार हे जाडीवर आणि आतल्या हवेवर. पण त्यावर तुम्ही आरामात उभे राहू शकाल की नाही, हा प्रश्न प्रामुख्याने रुंदीचा आहे. म्हणून निवडीची सुरुवात रुंदीपासून करावी, असं माझं ठाम मत आहे. रंग, बॅग, सोबत मिळणाऱ्या वस्तू, सवलत, हे सगळं त्यानंतर.

१. पाण्यावर जाणारं एकूण वजन काढा

वजनकाट्यावरचा आकडा घ्या आणि त्यात चार-पाच किलो मिळवा. लाइफ जॅकेट, भिजलेले कपडे, पाण्याची बाटली, मोबाइल आणि किल्ल्या ठेवलेली ड्राय बॅग, सगळं बोर्डावरच असतं. पोराला पुढे बसवून न्यायचं असेल तर त्याचंही वजन धरा. कुत्र्याचंसुद्धा, आणि तो हलतो हेही लक्षात ठेवा.

बोर्डाच्या माहितीत ‘कमाल वजन १२० किलो’ असं लिहिलेलं असतं. तो आकडा तुमच्या रुंदीचा प्रश्न सोडवत नाही. ३०० लिटरचा बोर्ड साधारण ३०० किलोपर्यंत पाण्यावर राहू शकतो, कारण एक लिटर पाणी बाजूला सरलं की सुमारे एक किलोचा आधार मिळतो. पण तरंगणं वेगळं आणि त्यावर उभं राहणं वेगळं. नवशिक्याने आपलं एकूण वजन छापील मर्यादेच्या दोन तृतीयांशाच्या आत बसतंय ना, हे बघावं.

२. दोन इंचांनी एवढा फरक का पडतो, ते समजून घ्या

ही पायरी गाळू नका. हे एकदा कळलं की कुठल्याही दुकानातला कुठलाही बोर्ड तुम्हाला स्वतःला पारखता येतो.

बोर्ड एका बाजूला कलला की ती बाजू पाण्यात जास्त बुडते, तिथे पाणी वर ढकलतं आणि बोर्ड पुन्हा सपाट व्हायला बघतो. ही सावरण्याची ताकद रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे ३० इंचांऐवजी ३३ इंच घेतले तर रुंदी वाढली फक्त दहा टक्के, पण सावरण्याची ताकद वाढली सुमारे ३३ टक्के. ३२ वरून ३४ वर गेलात तर जवळपास २० टक्के. लांबीचं तसं नाही. लांबी दहा टक्के वाढवली तर आडवा तोलही साधारण दहा टक्केच सुधारतो. त्यामुळे ‘लांब बोर्ड घ्या, आपोआप स्थिर वाटेल’ हा सल्ला फारसा कामाचा नाही.

याच्या विरुद्ध बाजूला असता तुम्ही. उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य बेंबीच्या आसपास, पायांपासून साधारण एक मीटर वर असतो. बोर्ड कलला की तेवढ्या उंचीवरचं वजन त्याला आणखी कलवायला बघतं. वजन जास्त किंवा उंची जास्त, तर हा जोर जास्त. साठ किलोच्या माणसाला ३० इंचांवर जेवढं स्थिर वाटतं, तेवढंच स्थिर वाटायला त्याच उंचीच्या ऐंशी किलोच्या माणसाला त्याच आकाराचा साधारण ३३ इंचांचा बोर्ड लागतो. म्हणून मित्राचा बोर्ड त्याला छान जमतो यावरून तुमच्यासाठी काहीच ठरत नाही.

याचा पडताळा पाण्यात लगेच घेता येतो. थरथरणाऱ्या बोर्डावर गुडघे टेका. बोर्ड तोच, वजन तेच, पण थरथर थांबते, कारण गुरुत्वमध्य खाली आला. लाट आली, होडी जवळून गेली, वारा वाढला, तर गुडघ्यांवर यायचं ते याचसाठी.

३. वजनावरून सुरुवातीचा आकडा धरा

शांत पाणी, सर्वसाधारण आकाराचा बोर्ड आणि नवशिका माणूस, असं धरून मी हे आकडे सुचवतो. वजन म्हणजे पहिल्या पायरीत काढलेलं एकूण वजन.

- ६० किलोपर्यंत: ३० ते ३१ इंच
- ६० ते ८० किलो: ३२ ते ३३ इंच
- ८० ते ९५ किलो: ३३ ते ३४ इंच
- ९५ किलोच्या वर: ३४ ते ३६ इंच, आणि लांबीही अकरा फूट किंवा जास्त

सेंटिमीटरमध्ये सांगायचं तर ३० इंच म्हणजे ७६, ३२ म्हणजे ८१, ३४ म्हणजे ८६ आणि ३६ म्हणजे ९१. काही विक्रेते सेंटिमीटरच लिहितात, तेव्हा तुलना करताना घोटाळा होऊ देऊ नका.

४. उंची, पाणी आणि वापर बघून आकडा हलवा

उंची सहा फुटांच्या आसपास असेल तर एक इंच वाढवा. सव्वापाच फुटांच्या आत असेल तर एक इंच कमी करायला हरकत नाही, त्याचं कारण पुढच्या पायरीत येईल.

मग पाणी. धरणाच्या जलाशयात सकाळी आरसपानी पाणी असतं, तिथे वरचे आकडे पुरतात. कोकण-गोव्याच्या खाड्यांतही सकाळ शांत असते, पण दुपारकडे समुद्रावरून वारा सुटतो आणि बारीक लाटा आडव्या येऊ लागतात. तारकर्लीजवळ देवबागला एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आहे. तिथे नदीच्या अंगाला पॅडलिंग करणं आणि संगमाकडे जाणं यात फार अंतर आहे. ओहोटीला पाणी मुखाकडे जोरात ओढतं आणि समुद्राच्या लाटा समोरून येतात. नवशिक्यांनी संगमाकडे जाऊच नये. इंच वाढवून हा धोका टळत नाही. खाडीतल्या नेहमीच्या खळबळीसाठी मात्र एक इंच जास्त असलेला बरा.

बोर्डवर योगासनं करायची असतील, बसून गळ टाकायचा असेल, लहान मूल सोबत न्यायचं असेल, तर ३४ ते ३६ इंच थेट घ्या. तिथे वेग कोणाला हवा असतो?

५. गरजेपेक्षा जास्त रुंद घेऊ नका

‘सुरक्षित असावा म्हणून’ सरसकट ३६ इंच घेणारे बरेच आहेत. पंचावन्न किलोच्या, पाच फूट दोन इंच उंचीच्या व्यक्तीसाठी तो त्रासाचाच ठरतो. चांगला स्ट्रोक मारताना पॅडल जवळजवळ उभं पाण्यात जातं, दोन्ही हात कडेच्या बाहेर असतात आणि पातं बोर्डाला लगटून मागे येतं. बोर्ड फार रुंद असला की हात बाहेर पोचत नाहीत आणि पॅडल तिरकं पडतं. मग दर स्ट्रोकला बोर्डाचं पुढचं टोक दुसरीकडे वळतं, सारखी बाजू बदलावी लागते आणि तासाभरात खांदा भरून येतो. शिवाय असा बोर्ड काखेत धरून गाडीपासून किनाऱ्यापर्यंत नेताना हात मधल्या मुठीपर्यंत पोचत नाही, आणि वारा असेल तर तो शिडासारखा ओढून नेतो.

पॅडलची लांबी हाही याचाच भाग. तुमच्या उंचीपेक्षा १५ ते २५ सेंटिमीटर जास्त, हे साधारण माप. बोर्ड रुंद असेल तर त्यातलं वरचं टोक धरा.

६. छापलेली रुंदी नेमकी कुठली, ते बघा

छापलेली रुंदी ही बोर्डाच्या सगळ्यात रुंद जागेची असते. दोन बोर्ड ३२ इंचांचे असूनही पाण्यात वेगळे वाटतात, कारण एकाचं शेपूट, म्हणजे मागचं टोक, चौकोनी आणि भरलेलं असतं, तर दुसऱ्याचं निमुळतं. टेप घेऊन दोन्ही टोकांपासून एकेक फूट आत मोजा. शेपटाकडची रुंदी जास्त असलेला बोर्ड वळताना, मागे पाय टाकताना बराच धीर देतो. लांब पल्ल्याचे टूरिंग बोर्ड टोकाला निमुळते असतात, म्हणून टूरिंग बोर्ड घेणाऱ्या नवशिक्याने वरच्या यादीत एक इंच मिळवावा.

७. घेण्याआधी भाड्याने घेऊन उभे राहा

गोव्यात आणि मालवण-तारकर्ली भागात भाड्याने बोर्ड मिळतात. एकाच दिवशी दोन वेगवेगळ्या रुंदीचे मागून घ्या. पावसाळ्यात समुद्रावरचे जलक्रीडा व्यवसाय बंद असतात, तेव्हा बेत ऑक्टोबर ते मे या काळात आखा.

आधी हवा तपासा. बहुतेक ६ इंची बोर्डांना १२ ते १५ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) लागतात, नेमका आकडा व्हॉल्व्हजवळ लिहिलेला असतो. हातपंपाने दहाच्या पुढे जोर लागतो, म्हणून बरेच जण तिथेच थांबतात. असा बोर्ड मधे वाकतो, पायांखाली पाणी येतं आणि तो आहे त्यापेक्षा अरुंद वाटतो. अशा बोर्डावरून रुंदीचा निर्णय करू नका. उलट भरलेला बोर्ड मे महिन्याच्या उन्हात वाळूवर ठेवलात आणि आतली हवा २५ अंशांवरून ५० अंशांवर गेली, तर दाब दोन-अडीच पीएसआयने वाढतो. म्हणून सावलीत ठेवा, नाहीतर थोडी हवा सोडा.

लाइफ जॅकेट घाला, लीश (तुम्हाला बोर्डाशी जोडून ठेवणारी दोरी) बांधा. वाहत्या नदीत घोट्याला बांधलेली लीश फांदीत किंवा दोरात अडकली तर हात पोचत नाही, तिथे कमरेची, एका झटक्यात सुटणारीच हवी.

आता बोर्डाच्या मधल्या मुठीच्या दोन्ही बाजूंना पाय खांद्याएवढे फाकवून उभे राहा, गुडघे सैल, नजर दूर. दहा-पंधरा मिनिटं पॅडल मारल्यावर बघा:

पायाची बोटं बोर्डाला घट्ट आवळली गेली आहेत का? तळवे बधिर झालेत का? नवशिक्याला हे थोडंफार होतंच, पण अर्ध्या तासानेही कमी झालं नाही तर बोर्ड तुमच्या वजनाला अरुंद आहे. मान वळवून मागे बघता येतंय का? एका हातात पॅडल धरून टोपी नीट करता येतेय का? हे जमलं तर रुंदी बरोबर. आणि पाय अजिबात हलत नाहीत, पण पॅडल सारखं बोर्डाच्या कडेवर आपटतंय, तर एक-दोन इंच कमी करून बघा.

८. हात बसल्यावर किती कमी करायचं

महिन्यातून दोन-चारदा पाण्यावर जाणाऱ्याचा तोल एका हंगामात पुष्कळ सुधारतो. घोटे आणि कंबर आपोआप सावरायला शिकतात. तेव्हा पहिला बोर्ड अगदी सुखाचा न घेता, यादीतल्या तुमच्या वजनाच्या कमी आकड्याकडे झुकून घ्यावा. साठ ते ऐंशी किलो वजन असेल तर ३२ इंच. पहिले काही दिवस पडाल, पण बोर्ड लवकर अपुरा पडणार नाही. मात्र पाण्याची भीती असेल, गुडघे दुखत असतील किंवा वय साठीच्या पुढे असेल, तर जास्त आकडाच घ्या. पाण्यावर जावंसं वाटणं जास्त महत्त्वाचं आहे.

पुढे लांब पल्ले मारायचे असतील तर त्याच वजनाला दोन इंच कमी, साडेबारा फुटांचा टूरिंग बोर्ड घ्या. साधारण २८ ते ३१ इंचांत तुमचं माप सापडेल. शर्यतीचे चौदा फुटी बोर्ड २१ ते २६ इंचांचे असतात. त्यावर उभं राहणं हेच वेगळं शिक्षण आहे, आणि ते एखाद्या शर्यत खेळणाऱ्याचा बोर्ड मागून, कंबरभर पाण्यात आधी करून बघावं. एका वेळी दोन इंचांहून जास्त खाली उतरू नका. ३४ वरून थेट २८ वर आलात तर घनाच्या हिशोबाने सावरण्याची ताकद जवळपास ४४ टक्क्यांनी कमी झालेली असते.

जुना बोर्ड लगेच विकू नका. घरातलं दुसरं कोणी शिकायला येतं तेव्हा त्यांना तोच लागतो.