गिअरबॉक्सला इंजिनचा आरपीएम दिसत नसेल तर

ऑटोमॅटिक गाडी एकाच गिअरला अडकून बसली, डी टाकला की धक्का बसतोय आणि स्कॅनरवर पी०७२५ किंवा पी०७२७ आलाय, तर एवढ्यावरून गिअरबॉक्स उतरवायला घेऊ नका. टीसीएमला, म्हणजे गिअरबॉक्सच्या कंप्युटरला, इंजिनचा वेग कळत नाही, एवढंच हा कोड सांगतो. आत काही तुटलंय असं तो म्हणत नाही. नाशिकला द्वारकेजवळ माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. अशा गाड्यांचं दुखणं बहुतेक वेळा वायरिंगमध्ये निघतं, आणि गिऱ्हाईक मात्र ओव्हरहॉलचं एस्टिमेट खिशात घेऊन आलेलं असतं.

टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे इंजिनची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग. त्याच्या एका बाजूला इंजिन फिरतं, दुसऱ्या बाजूला गिअरबॉक्सकडचं टर्बाइन. दोघांच्या वेगातला फरक म्हणजे स्लिप. या दोन बाजू थेट जोडणारा लॉकअप क्लच कधी धरायचा, तेलाचा दाब किती ठेवायचा, हे टीसीएम त्यावरून ठरवतो. इंजिनचा आकडाच गेला की तो जोखीम घेत नाही. दाब चढवून ठेवतो, लॉकअप सोडून देतो, गाडी एका गिअरला बांधून ठेवतो. अशी गाडी कसारा घाटात नेऊ नका. लॉकअप नसताना चढाला तेल फार तापतं. एएमटीत, म्हणजे साधाच गिअरबॉक्स पण क्लच आणि गिअर मशीन चालवतं अशा गाडीत, कन्व्हर्टर नसतो, पण क्लच नीट धरायला तिलाही इंजिनचा आरपीएम लागतोच. गिऱ्हाईक दोन्हींना ऑटोमॅटिकच म्हणतं, म्हणून गाडी कोणती ते आधी विचारून घ्या.

आता मुद्द्याचं. आकडा नेमका कुणाकडून हरवलाय, इंजिनकडून की फक्त गिअरबॉक्सकडून? गाडी चालू करा, गिअर पीमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगड. स्कॅनरवर आधी इंजिन मॉड्यूल उघडून आरपीएम बघा, मग ट्रान्समिशन मॉड्यूल उघडून तिथला इंजिन स्पीड बघा. स्वस्तातला ब्लूटूथ डोंगल बऱ्याचदा फक्त इंजिन वाचतो, त्याच्यावर हे काम होत नाही.

इंजिन मॉड्यूलमध्ये ७५० आणि ट्रान्समिशनमध्ये शून्य दिसत असेल तर क्रँक सेन्सर, म्हणजे इंजिनचा वेग मोजणारा सेन्सर, बदलू नका. तो चालतोय म्हणूनच ईसीएमला, म्हणजे इंजिनच्या कंप्युटरला, आकडा मिळतोय. तरी लोक आधी तोच बदलतात, कारण तो हाताला लागतो. इंजिन स्पीड दोन्हीकडे दिसतोय पण टर्बाइनचा शून्य, तर दुखणं वेगळं. तिथे पी०७१५ असेल आणि इनपुट शाफ्टचा सेन्सर तपासावा लागेल.

दोन्हीकडे शून्य असेल तरच क्रँक सेन्सरकडे वळा. अशा वेळी क्रँक सेन्सरचा कोड पी०३३५ सोबत असतो आणि गाडी चालू व्हायलाही कुरकुर करते. काही इंजिनं कॅम सेन्सरवर तग धरून चालू होतात, त्यामुळे चालू झाली एवढ्यावर निकाल देऊ नका. कपलर काढून वायरी मोजा. दोन वायरींचा सेन्सर म्हणजे आत नुसती कॉइल. त्याचा रेझिस्टन्स मोजता येतो, आणि सेल्फ मारताना मीटर एसी व्होल्टवर ठेवला तर थोडा व्होल्टेज दिसायला हवा. काही सेन्सरला तिसरी वायर असते, पण ती नुसती शिल्डची. ती सप्लाय समजू नका. खऱ्या तीन वायरींचा सेन्सर हॉलचा. त्याला सप्लाय आणि अर्थ पोचतोय का ते बघा, आणि सिग्नल वायरवर फ्रिक्वेन्सी बघा. त्याच्यावर ओहम मोजायला जाऊ नका, काही कळत नाही. क्रँकवर साठ दातांतले दोन गाळलेलं चाक असेल तर हर्ट्झचा आकडा साधारण आरपीएमइतकाच येतो, म्हणजे हिशेब करायलाच नको.

इंजिनकडे आकडा आहे आणि टीसीएमकडे नाही, हा प्रकार मात्र निवांत बघायचा. टीसीएमच्या लाइव्ह डेटात थ्रॉटल आणि पाण्याचं तापमान येतंय का? येत असेल तर कॅनची लाइन, म्हणजे गाडीतले कंप्युटर एकमेकांशी बोलतात ती दोन वायरींची जोडी, जिवंत आहे. मग जुन्या गाड्यांत आरपीएमची वेगळी वायर असते, ती आकृती बघून शोधा आणि एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत तपासा. काहीच येत नसेल आणि ईसीएमशी संपर्क तुटल्याचा कोड यू०१०० पण असेल तर कॅनच बसलाय. बॅटरीचा निगेटिव्ह काढा, थोडा वेळ थांबा, मग स्कॅनर लावतो त्या ओबीडी सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनमध्ये रेझिस्टन्स मोजा. साधारण ६० ओहम आले पाहिजेत. १२० आले तर एका टोकाचा रेझिस्टर सुटलाय किंवा वायर तुटलीय, शून्याजवळ आले तर दोन वायरी एकमेकींना टेकल्यात. सॉकेट आणि कॅनच्या मध्ये गेटवे, म्हणजे वेगळा कंप्युटर, असलेल्या गाड्यांत हा आकडा फसवतो, तिथे टीसीएमच्या कपलरवरच मोजा. टीसीएमचा फ्यूज आणि अर्थही सोडू नका. गाडी चालू असताना अर्थच्या पिनपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर तो अर्थ साफ करा.

इथल्या गाड्यांत आधी बघायची जागा म्हणजे कपलर. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात रोज फिरणारी गाडी, किंवा प्रेशरने इंजिन धुऊन घेतलेली, असेल तर पिनवर हिरवा थर सापडतो. दिंडोरी-निफाडकडून बागेत उभी राहणारी गाडी आली की मी आधी टॉर्च घेऊन उंदराने कुरतडलेलं हार्नेस शोधतो. टेप गुंडाळून सोडायचं नाही. वायर सोल्डर करून श्रिंक स्लीव्ह घाला, आणि कॅनच्या दोन वायरींचा पीळ होता तसाच ठेवा. कोड मधूनच येत-जात असेल तर गाडी आयडलला ठेवून एकाने स्कॅनर बघायचा, दुसऱ्याने फिरणारा बेल्ट आणि पंखा सांभाळून हार्नेस हलवायचा.

काम झालं की कोड पुसा आणि गाडी गरम करून विल्होळीच्या पुढे हायवेला न्या. एकसारख्या वेगात, हलक्या पायाने चालवताना लॉकअप लागला की इंजिन आणि टर्बाइनचे आरपीएम जवळजवळ एक झाले पाहिजेत. तरीही गिअर पडताना झटका राहिला, तर त्या गाडीच्या पद्धतीने टीसीएमने शिकून ठेवलेलं अ‍ॅडाप्टेशन रीसेट करा आणि तेलाची लेव्हल बघा.